मदत हवी आहे: २०१६ साली काँगोच्या राजधानीत, किन्शासात, राहिलेलं कोणी?

नमस्कार मंडळी, आफ्रिकेतल्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या निवडणूक-आंदोलनावर कॉलेजच्या मुलांसाठी लिहितेय. अध्यक्ष जोसेफ कबिलांची मुदत १९ डिसेंबर २०१६ ला संपत होती, पण मतदारयाद्या तयार नाहीत म्हणून आयोगाने निवडणूक लांबवली. त्याविरुद्ध त्याच वर्षी १९ सप्टेंबरला लोक रस्त्यावर उतरले, टायर जळले, गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचं कार्यालयच पेटवलं. कितीतरी माणसं गेली, आणि मतदान झालं थेट ३० डिसेंबर २०१८ ला! बातम्या भरपूर आहेत. घरात अडकलेल्यांचं काय झालं, दुकानं, पाणी, शाळा, हे मात्र कुठे सापडत नाही. तेव्हा तिथे नोकरी-धंद्याला असलेलं तुमच्या ओळखीत कोणी आहे का? शिवाय नवा अध्यक्ष येईपर्यंत जुन्याला पदावर ठेवणारं घटनेचं कलम ७० फ्रेंच जाणणारं कोणी समजावून सांगेल का?