पिकअपचं इंजिन वेगळंच वाजायला लागलं तेव्हा… तुमचे अनुभव सांगा

डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागत नाही, गाडी ओढतेही नीट, पण रोज चालवणाऱ्याच्या कानाला कळतं की काहीतरी जास्तीचं वाजतंय. गॅरेजात नेली की एक फिटर म्हणतो टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग), दुसरा म्हणतो बेअरिंग, तिसरा म्हणतो, ‘डिझेल आहे, वाजणारच.’ भाजी, दूध, सिमेंट, सिलिंडर वाहणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा. लिहिताना एवढं सांगा : आवाज कसा, कधी येतो (गार इंजिनला की तापल्यावर, उभ्या गाडीत की लोडवर), आणि शेवटी काय निघालं. गॅरेजचं किंवा कंपनीचं नाव नको, उगाच भांडणं लागतात.

सुरुवात मी करतो. जुन्नर भागातून वाशीला टोमॅटो नेणारी कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणारी) पिकअप. उभ्या गाडीत इंजिनाच्या डोक्याकडून ठक-ठक, रेस दिली की आणखी दाट. पहिल्या गॅरेजात बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागला : बेअरिंग गेलं, इंजिन उतरवा. ओळखीच्या पंपवाल्याने (डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याने) मात्र घाई केली नाही. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या, नळ्या काढून प्रत्येकीला एक बाटली लावली आणि गाडी थोडा वेळ नुसती चालू ठेवली. तीन बाटल्यांच्या तळाला जेमतेम डिझेल, चौथी मात्र भराभर भरत होती, म्हणजे तो इंजेक्टर आतून गळत होता. मग स्कॅनर लावून त्याच सिलिंडरचं इंधन तोडलं, तर ठोका गप्प. नवा इंजेक्टर बसवला, त्याच्यावरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरला, आणि आवाज गेला. इंजिन उतरवायचा खर्च वाचला तो त्या बाटल्यांमुळे.

जुना पंपवाला, मालेगाव

दादा, तुमचं निदान बरोबर निघालं, पण एक गोष्ट नव्या पोरांसाठी सांगतो. इंधन तोडल्यावर ठोका गेला म्हणजे इंजेक्टरच खराब, असं नाही. त्या सिलिंडरचा स्फोटच थांबला की बिग एंड बेअरिंगवरचाही (कनेक्टिंग रॉड आणि क्रँकच्या सांध्यातलं बेअरिंग) भार उतरतो, तेही गप्प बसतं. या युक्तीने फक्त सिलिंडर सापडतो. पुढे इंजेक्टरांची अदलाबदल करायची. एकचा दोनला, दोनचा एकला. ठोका इंजेक्टरबरोबर सरकला तर इंजेक्टर, जागचा हलला नाही तर खाली, बेअरिंगकडे बघा.

आम्ही मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांवर इंजेक्टरच्या पाइपचा नट एकेक करून सैल करायचो. कॉमन रेलवर चालू इंजिनात हे चुकूनही करू नका. त्या पाइपातला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, बारीक फवाराही कातडी फोडून आत जातो आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. तिथे इंजेक्टरचा वायरिंगचा कप्लर काढा किंवा स्कॅनर वापरा.

आणि बेअरिंगचा संशय असेल तर आधी ऑइल काढा. ऑइल फिल्टर कापून आतला कागद उन्हात धरा. चमचमणारी कणी दिसली, शिवाय गरम इंजिनावर ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी तिथेच उभी करा. घरापर्यंत नेऊ म्हणणाऱ्यांचे क्रँक मी भंगारात जाताना पाहिलेत.

कांदा-लसूण, लासलगाव

माझं प्रकरण किरकोळ. पावसाळ्यात सकाळी स्टार्ट केली की कुईऽऽ, पाच मिनिटांत बंद. पट्ट्यावर पाण्याची फवारणी करून बघतात : आवाज क्षणभर गेला आणि पट्टा वाळल्यावर परत आला तर बहुतेक पुली तिरकी किंवा पट्टा खराब; पाण्याने आवाज वाढला तर ताण कमी. माझा वाढला. टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) बदलला, झालं.

पट्टा काढून गाडी चालू करून ऐकायचं असेल तर अर्ध्या मिनिटाच्या वर नको. वॉटर पंप बहुधा त्याच पट्ट्यावर असतो. आणि पुष्कळ डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो, म्हणजे पट्टा नाही तर ब्रेक दगडासारखा. त्या अवस्थेत गाडी जागची हलवायची नाही, कसारा घाट तर लांबच.

दूधवाली ताई, शिराळा

दूध संकलनाची पिकअप मीच चालवते. गाडी न्यूट्रलला उभी असली की घरघर घरघर, जात्यावर भरडल्यागत. समदे इंजिनातच डोकं घालून बसलेले. मी म्हटलं, अवो, क्लच दाबला की आवाज जातोय, हे तरी बघा! एवढं सांगितल्यावर फिटरचा चेहरा बदलला.

क्लच दाबला की गेअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरायचा थांबतो. तेव्हा आवाज थांबत असेल तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. ज्या गाड्यांना दुहेरी फ्लायव्हील (इंजिनाचे झटके शोषणारं दोन भागांचं जड चाक) असतं त्यांच्यात तेही धरायचं. उलट, दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबणारं). माझ्या गाडीत सील गळून गेअरबॉक्सचं ऑइल तळाला गेलं होतं, बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडलेले. इंजिनाला काय बी झालं नव्हतं. बाईमाणसानं सांगितलं म्हणून आधी कुणी ऐकलं नाही, हे मात्र लिहून ठेवते.

सीएनजी_पुणे

ताईंना दंडवत.

आमच्याकडे उलटं झालं : आवाज *गेला* म्हणून दुखणं कळलं. सीएनजी पिकअप, टॅपेटची बारीक टिकटिक पहिल्यापासून होती. हळूहळू इंजिन एकदम मऊ वाजायला लागलं आणि ड्रायव्हर खूश. मग सकाळी स्टार्टला त्रास, कात्रज चढताना मिसिंग. सीएनजी कोरडा जळतो, व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट मिटत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, गरम वायू त्यातून निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. आमचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालाच होता. जिथे टॅपेट स्क्रूने सेट होतात तिथे गार इंजिनावर फिलर गेजने वेळच्या वेळी मोजून घ्या. थोडं वाजणारं टॅपेट मी कधीही पत्करेन.

परशुराम घाट

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात आमची पिकअप बॉनेटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्याने आपली गाडी ‘बघू तरी’ म्हणून सेल्फ मारला. ठण्ण झालं आणि जाम. नंतर कशीबशी चालू झाली, पण एका सिलिंडरमध्ये कायमचा ठोका आणि पांढरा धूर. खोलल्यावर कनेक्टिंग रॉड वाकलेला. पाणी दाबलं जात नाही, मग रॉडलाच वाकावं लागतं.

आम्ही चावीला हात लावला नाही. बॅटरी सोडवली, एअर फिल्टर काढला तर चिखल. इंजेक्टर काढून क्रँकची पुली पान्याने हाताने फिरवली, तर भोकांतून गढूळ पाणी वर आलं. ऑइल, फिल्टर, डिझेल सगळं बदलून, टाकी धुऊन मगच सेल्फ. ती गाडी अजून हापूसच्या पेट्या वाहते.

ह्यूस्टनचा सातारकर

इथे पिकअप म्हणजे मोठं व्ही-८ पेट्रोल इंजिन. माझ्या जुन्या ट्रकला थंडीत सकाळी टिक-टिक-टिक, महामार्गाला लागेपर्यंत गायब. टॅपेटच वाटतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा मागचा एक स्टड तुटलेला निघाला, हेडवर काजळीचा काळा ओघळ होता. धातू तापून फुगला की फट बुजते, म्हणून गरम इंजिन निर्दोष वाटतं. रात्रभर उभी ठेवून, गार असतानाच मेकॅनिकला ऐकवा. तुटलेला स्टड बाहेर काढण्यातच मजुरीचे बहुतेक पैसे गेले.

संत्रानगरी

भाऊ, बीएस-६ गाडीत आवाज बदलला म्हणून घाबरून राहिले का? आधी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बघा. साठलेली काजळी जाळायला गाडी स्वतःच रेस थोडी वाढवते, सायलेन्सरचा आवाज जाड होतो, पंखा जोरात फिरतो, जळका वास येतो. हा बिघाड नव्हे. आमचा ड्रायव्हर मात्र दर वेळी घाबरून मधेच गाडी बंद करायचा. त्यासाठी मारलेलं जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरत गेलं आणि डिपस्टिकवर पातळी *वाढलेली* दिसली. पातळ झालेल्या ऑइलने खरंच बेअरिंग खाल्लं असतं. ऑइल बदललं, एकदा हायवेवर सलग पळवून काजळी पूर्ण जळू दिली.

नवीन सभासद, सांगोला

डाळिंबाचा माल भरला की चढाला शिट्टी वाजते, सोबत फुस्स आवाज, काळा धूर, गाडीची ओढ कमी. रिकामी गाडी ठीक चालते. टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) गेला म्हणतायत, खर्च ऐकून झोप उडाली. कुणाला अनुभव?

धागाकर्ता

टर्बो काढायच्या आधी इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा गार करणारा रेडिएटर) होज बघा. इंजिन बंद करून, गार झाल्यावर प्रत्येक होज हाताने पिळा, विशेषतः खालची बाजू आणि क्लिपच्या कडा. ऑइलचा ताजा चिकट डाग दिसला तर तिथूनच हवा निसटते. मग साबणाचं पाणी लावा, मदतनिसाला रेस द्यायला सांगा आणि बुडबुडे शोधा. पंख्यापासून हात लांब. उभ्या गाडीत टर्बोचा दाब फार चढत नाही, त्यामुळे बुडबुडे नाही आले तरी होज निर्दोष ठरत नाही. होज धड असतील तर टर्बोकडे जाणारा पाइप सोडवून शाफ्ट बोटाने हलवून बघा. पाती आतल्या भिंतीला घासत असतील तर मग ते म्हणतात ते खरं.

नवीन सभासद, सांगोला

इंटरकूलरमधून इंजिनाकडे जाणाऱ्या होजला क्लिपच्या खाली बोटभर चीर होती, वरून दिसतच नव्हती. होज आणि क्लिप नवीन टाकली. काल माल भरून पंढरपूरला जाऊन आलो, धूर बंद आणि फुस्स पण बंद. बारीक शिट्टी अजून येते, पण पहिल्याइतकी नाही. ती टर्बोची नेहमीची असते का?

जुना पंपवाला, मालेगाव

असते. रेसबरोबर चढून रेसबरोबर उतरत असेल आणि ऑइल कमी होत नसेल तर वाजू द्या. रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी मोठी झाली तर या परत.