विषय: रोइंग मशीन जुळलं, छातीचा पट्टा जुळेना

प्रेषक: लातूरकर (डब्लिन, सध्या मुक्काम लातूर)

सर्वांना नमस्कार,

महिनाभरासाठी घरी आलोय. बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून रोइंग मशीन आणलं, कन्सेप्टटूचं, पीएम५ मॉनिटरवालं. डॉक्टरांची अट एकच, नाडी ११० च्या वर जाऊ द्यायची नाही. त्यासाठी छातीला बांधायचा पट्टाही घेतला.

मशीन बाबांच्या फोनमधल्या ॲपला लगेच जुळलं. अंतर, मिनिटाला किती वल्ही, ५०० मीटरला लागणारा वेळ, सगळं येतं. नाडी मात्र कधी येते, कधी नाही. सकाळी बाबांचा आवाज येतो, "मशीन चालू हाय, पण काळजाचा आकडा दिसंना गेलाय." काल मी गंजगोलाईत सामान आणायला गेलो होतो, तेव्हा वीस मिनिटं सलग दिसला म्हणे. मी घरात पाऊल टाकलं आणि गेला. रविवारी माझं विमान आहे. डब्लिनहून मला त्यांची नाडी बघता यायला हवी. कुणाला काही सुचतंय का?

---

प्रेषक: अंबाजोगाईची ताई

अरे, तुझ्या मेलमध्येच उत्तर आहे. तू बाहेर गेलास की आकडा येतो, म्हणजे पट्टा तुझ्या खिशातल्या फोनने धरून ठेवलाय. पट्टा आणला त्या दिवशी तपासायला म्हणून तुझ्या फोनला जोडला असशील. ते ॲप मागे चालूच राहिलं असणार. बरेच पट्टे ब्लूटूथवर एका वेळी एकाशीच बोलतात. एकदा कुणी धरला की बाकीच्यांना तो यादीतसुद्धा दिसत नाही. पोलारच्या एच१० सारखे काही पट्टे दोन ब्लूटूथ जोडण्या देतात, पण आधी तुझा फोन सोडव. ते ॲप पूर्ण बंद कर, फोनच्या ब्लूटूथ यादीत पट्ट्याचं नाव असेल तर तेही काढून टाक. पट्टा फोनच्या सेटिंगमधून नाही, ज्याला आकडा हवा तिथूनच जोडायचा.

आता जोडायचा कुणाला, हे नीट ठरव. माझं मत स्पष्ट आहे, पट्टा मॉनिटरला जोड आणि मॉनिटर ॲपला. मॉनिटर स्वतःच्या आकड्यांबरोबर नाडीही ॲपकडे पाठवतो. फोन बंद पडला तरी बाबांच्या डोळ्यांसमोर आकडा राहतो. लाइट गेली तरी काळजी नको, पीएम५ आत घातलेल्या सेलवर आणि वल्हवताना चाकातून मिळणाऱ्या विजेवर चालतो. वायफाय तेवढं जाईल, ते नंतर आलं की नोंद वर चढेल.

आणि डब्लिनहून बघायचं म्हणतोस, तर बाबा सकाळी सहाला बसतात तेव्हा तुझ्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. तू झोपेत असशील. काकूंना मॉनिटरवरचा नाडीचा आकडा ओळखायला शिकव. ११० दिसला की "थांबा" म्हणणारं माणूस त्याच खोलीत हवं.

अजून एक, हे फार महत्त्वाचं. बाबांना बीटा ब्लॉकर चालू आहे का? असेल तर ॲपने वयावरून काढलेल्या नाडीच्या मर्यादांवर विश्वास ठेवू नकोस. २२० वजा वय या हिशोबाने ६८ वर्षांच्या माणसाला १५२ येतात. त्या गोळीने नाडी मुळातच कमी राहते, त्यामुळे तो हिशोब बाबांना लागूच पडत नाही. डॉक्टरांनी दिलेला आकडा हाताने भर.

---

प्रेषक: परळीकर काका

ताईंनी सांगितलंय ते कर. माझा अनुभव एवढाच की आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात अंग कोरडं राहतं, घाम येतो तसाच वाळून जातो. पट्ट्याच्या आतल्या रबरी पट्ट्या ओल्या नसल्या की सुरुवातीची पाच-दहा मिनिटं आकडा भलतीकडे उड्या मारतो. बांधण्याआधी पाण्याने नीट ओल्या कराव्यात. झाल्यावर पट्टा साध्या पाण्यात खंगाळायचा आणि पुढची डबी काढून ठेवायची. ओल्या पट्ट्याला लावून ठेवली तर ती चालूच राहते आणि सेल संपतो.

तुझ्या बाबांना दत्तू भोकनळ यांची गोष्ट सांग. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे, वडिलांबरोबर विहिरी खोदलेले. २०१६ ला आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकटे होडी वल्हवत तेराव्या क्रमांकावर आले. दुष्काळी मुलखातला माणूस पाण्यावर एवढं करतो, हे ऐकून मला अजून भरून येतं.

---

प्रेषक: लातूरकर

ताई, काका, मनापासून आभार.

माझ्याच फोनने पट्टा धरला होता. ॲप काढून टाकलं आणि मॉनिटरच्या यादीत पट्टा लगेच आला. बाबांच्या फोनमध्येही एक अडचण होती. अँड्रॉइडने ॲपला 'जवळपासची डिव्हाइस' ही परवानगी दिलीच नव्हती, त्यामुळे मॉनिटर मधेच सुटला की पुन्हा सापडायचा नाही. जुन्या अँड्रॉइडमध्ये त्याऐवजी लोकेशनची परवानगी लागते, हे इतरांनीही लक्षात ठेवा.

बीटा ब्लॉकर चालू आहे. तुम्ही विचारलं नसतं तर माझ्या डोक्यात आलंच नसतं. ॲप त्यांना रोज "अजून जोर लावा" सांगत होतं आणि बाबा ते ऐकतही होते. हे कळल्यावर रात्री मला झोप लागली नाही. सकाळी दवाखान्यात जाऊन पुन्हा विचारून आलो, ११० हीच मर्यादा कायम आहे. ॲपमध्ये तीच भरली.

घर मार्केट यार्डाजवळ आहे, डाळीच्या गिरण्यांची धूळ येते. चाकाची जाळी उघडली तर बोटभर भुसा निघाला. जाळी तुंबली की हवा कमी खेचली जाते आणि वल्हं हलकं लागतं. आता दर रविवारी साफ करायचं काम भावाकडे दिलंय.

आज आई खुर्ची घेऊन मशीनशेजारी बसली होती. आकडा १०६ वर गेला तेव्हाच तिने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा म्हणाले, "अजून चार शिल्लक हायेत की." तिने हात काढला नाही.