आधी मुखवटा, मग संवाद: आठवी-नववीच्या नाट्यवर्गाबद्दल

रंगपेटी (धागाकर्ती):
शाळेत नाटक शिकवणाऱ्या सगळ्यांशी मला हे बोलायचंय. आठवी-नववीच्या मुलांच्या हातात संहिता देण्याआधी त्यांच्या चेहऱ्यावर मुखवटा यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तोही रंगीत नाही, कोरा. ना हसरा, ना रडका.

आपल्याकडे बालनाट्य म्हणजे पाठांतर. स्पर्धेची तारीख लागली की मुलं संवाद घोकतात आणि मग प्रत्येक वाक्यावर एकेक हातवारा 'बसवला' जातो. 'आकाश' म्हटलं की हात वर, 'मी' म्हटलं की हात छातीवर. कमरेखालचं शरीर तर नाटकात नसतंच. पूर्ण मुखवटा चढवला की बोलणं बंद आणि चेहराही बंद. मग मान, पाठ, पाय आणि श्वास यांनाच काम करावं लागतं.

वर्गातलाच एक प्रसंग सांगते. स्पर्धांत बक्षिसं घेणारा मुलगा. त्याला दिलेली एक्सरसाइज साधी होती: जिवलग मित्र बोटीने कायमचा चाललाय, धावत धक्क्यावर यायचं आणि निरोप द्यायचा. तो आला आणि सवयीने दोन्ही हात जोरात हलवू लागला. मुखवटा मात्र खाली, जमिनीकडे. समोर बसलेली एक मुलगी म्हणाली, "ताई, त्याला बोट दिसतच नाहीये." पुन्हा करताना त्याचा हात अर्धाच वर गेला आणि तिथेच राहिला. मुखवट्याचं नाक डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश सरकलं आणि शेवटी त्याच्या टाचा उचलल्या गेल्या. टाचांचं मी काहीच सांगितलं नव्हतं.

ही एक्सरसाइज फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लेकॉक यांची. त्यांनी १९५६ साली पॅरिसमध्ये नाट्यशाळा काढली आणि अमलेतो सार्तोरी या इटालियन शिल्पकाराने बनवलेल्या चामड्याच्या कोऱ्या मुखवट्यांवर शिकवलं. हे आपल्या शाळांत का होऊ नये?

तिसरी घंटा:
ताई, मला हे पटलेलं नाही. लेकॉककडे जायची ती मोठी माणसं, पूर्ण वेळ फक्त नाटक शिकायला आलेली. आपल्याला आठवड्यातून एक तास मिळतो, तोही गणिताच्या सरांना हवा असतो. शिवाय मराठी नाटक शब्दांवर उभं आहे. आज नववीच्या मुलाला एक लांब वाक्य एका श्वासात, अर्थ राखून म्हणता येत नाही. 'ळ'चा 'ल' होतो, शेवटचं अक्षर गिळलं जातं. या मुलांचं तोंड आपणच बंद करायचं? आणि लाजरी मुलं मुखवट्याआड कायमची लपतील, त्याचं काय?

रंगपेटी:
सर, उच्चारांबद्दल शंभर टक्के सहमत. पण शब्द पडतात ते बहुतेक वेळा शरीर आखडलेलं असतं म्हणून. खांदे कानाला लावून उभ्या असलेल्या मुलाचा आवाज पोटातून येईल कसा? कोऱ्या मुखवट्यानंतर मी अर्ध्या मुखवट्याकडे जाते. सोळाव्या शतकात इटलीत बहरलेल्या कोमेदिया देल्लार्ते या विनोदी नाट्यप्रकारातल्या पांतालोने, आर्लेकिनो या पात्रांचे मुखवटे असे अर्धे असतात, तोंड मोकळं. चेहऱ्याची मदत नसल्यामुळे शब्द नीट फेकल्याशिवाय गत्यंतरच राहत नाही.

लाजऱ्या मुलांचं माझ्या वर्गात उलटंच होतं. 'मला कोणी बघत नाहीये' असं वाटलं की ती पहिल्यांदा मोकळी हालतात. हा मोकळेपणा बिनमुखवट्याच्या कामात टिकवणं शिक्षकाच्या हातात आहे, आणि ते आपोआप होत नाही हेही खरं.

डोंगरवाट:
पॅरिस आणि इटलीला जायची गरजच काय? आपल्या पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्यात बोहाडा आहे, देवादिकांची सोंगं नाचवायचा आदिवासी उत्सव. गणपतीपासून जगदंबेपर्यंत एकाहून एक मुखवटे. तेच आणा वर्गात, मुलं आपली परंपराही शिकतील.

मोखाडकर:
थांबा जरा. मी त्या भागातलीच आहे. बोहाड्यातला मुखवटा ही रंगभूषा नव्हे. अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराकडे, असा मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. मुखवट्याची पूजा होते, मगच सोंग निघतं. रात्रभर संबळ वाजतो आणि महिषासुराचा वध होतो तेव्हा समोर देवीच आहे असं मानून बायाबापड्या हात जोडतात. तो मुखवटा पस्तीस मिनिटांच्या तासिकेत चाळीस मुलांनी आळीपाळीने घालायचा आणि घंटा झाली की बाकावर टाकायचा, हे मला सहन होणार नाही. स्नेहसंमेलनात 'आदिवासी नृत्य' नावाखाली जे चालतं ते पुरेसं आहे.

रंगपेटी:
मोखाडकर, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच कोऱ्या मुखवट्यापासून सुरुवात. बोहाडा मुलांनी गावात जाऊन, रात्रभर बसून बघावा. जड मुखवटा सांभाळत संबळाच्या ठेक्यावर पाऊल कसं पडतं ते बघावं. अंगावर चढवू नये.

वर्गात मी छाऊ या पूर्व भारतातल्या नृत्यप्रकाराबद्दलही बोलते. सरायकेला आणि पुरुलियाचा छाऊ मुखवट्याचा, मयूरभंजचा मात्र मुखवट्याविना. दोन्हींची चित्रफीत एकापाठोपाठ दाखवली की झाकलेला चेहरा अंगाला काय करायला लावतो, ते मुलांचं मुलांनाच दिसतं.

कोरा कागद:
माझा आक्षेप वेगळा आहे. हा 'कोरा' चेहरा कोणाचा? मी पाहिलेले अशा पद्धतीचे मुखवटे सगळे युरोपीय ठेवणीचे. सरळ नाक, पातळ ओठ. आमच्या मुलीने तो घालून 'मी आता कोणीही नाही' असं मानायचं, म्हणजे कोणीतरी ठरावीकच व्हायचं ना?

रंगपेटी:
हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आम्ही विकतचा आणतच नाही. मातीवर चेहरा घडवायचा, त्याला व्हॅसलीन लावायचं, वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून थरावर थर द्यायचे आणि नीट वाळू द्यायचं. नाकाची ठेवण कशी असावी यावर मुलं तासभर वाद घालतात. तो वाद मला हवाच असतो.

पालक नववी ब:
आई म्हणून विचारते. माझ्या मुलाला दमा आहे आणि चष्म्याशिवाय त्याला स्टेजची कड दिसत नाही.

रंगपेटी:
नाकपुड्या आणि डोळ्यांची भोकं मोठी ठेवतो. काम जमिनीवर होतं, स्टेजवर नाही. दोन-चार मिनिटांवर कोणाला मुखवट्यात ठेवत नाही, आणि प्रत्येकाचा मुखवटा वेगळा. गुदमरल्यासारखं वाटलं तर हात वर, लगेच काढायचा, कोणी कारण विचारणार नाही. नको म्हणणाऱ्या मुलावर सक्ती नाही. बघणाऱ्याचं कामही तितकंच मोलाचं, बोट दिसत नाही हे बघणारीनेच सांगितलं होतं.

तिसरी घंटा:
सगळं वाचलं. जूनमध्ये, स्पर्धेचा धोशा लागण्याआधी, हे करायला माझी हरकत नाही. पण 'आधी मुखवटा, मग संवाद' हा क्रम मी मान्य करणार नाही. मी पहिल्या दिवशी उतारा मोठ्याने वाचून घेतो आणि घेत राहणार. मुलाला स्वतःचा आवाज आधी ऐकू येऊ दे.

रंगपेटी:
सर, मग यंदा असं करू. तुमचा वर्ग वाचनापासून, माझा मुखवट्यापासून. दिवाळीनंतर दोन्ही वर्गांना एकच प्रवेश देऊ आणि मोखाडकर, तुम्ही तो बघायला या.

मोखाडकर:
येते. खळीत कीड लागू नये म्हणून घालतात ते विषारी मोरचूद मात्र घालू नका, मुलांच्या तोंडाशी जाणारी वस्तू आहे. उन्हात कडक वाळवा, तेवढं पुरतं.