पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही: आधी रॅम बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की पीसीचे पंखे फिरतात, लाईट लागते, पण स्क्रीन काळीच आणि नुसते बीप वाजतात, तर लगेच नवा मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) घेऊ नका हो. आमच्याकडे मालवणात गेल्या श्रावणात अगदी हेच झालं, दुकानवाला म्हणाला बोर्ड बदला, आणि शेवटी दोष निघाला रॅमचा, म्हणजे बोर्डावर खोचलेल्या मेमरीचा. समुद्राकडच्या खिडकीखाली पीसी होता, खारी हवा आणि दमट, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर धरला होता.

प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जातो, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मगच रॅम काढा. पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसा, चुरा ब्रशने झटका, स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर अजिबात मारू नका, थुंकीचा ओलावा जातो. परत बसवताना खट्ट आवाज आला पाहिजे. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. तरी नाही झालं तर बीप किती आणि कसे वाजतात ते इथे लिहा, बायोसनुसार (बोर्डातला पीसी सुरू करणारा प्रोग्राम) अर्थ बदलतो.

पीसीचं घड्याळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल बदला, ३ व्होल्टचा, सहज मिळतो.

आणि पावसाळ्यात वापर नसला तरी रोज तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने दमटपणा धरत नाही. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट राहतो.