मदत हवी आहे: जुनी जपानी त्सुबा घडीव की ओतीव, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली तीन वर्षं नोकरीनिमित्त नागोयात आहे. इथल्या ओसू कान्नोन देवळाच्या आवारात दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथं फिरता फिरता मला त्सुबांचा नाद लागला. त्सुबा म्हणजे जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामध्ये बसणारी चकती. आपल्याकडच्या तलवारीत परज मुठीशी एकजीव असते आणि पात्याचं शेपूट आत लाखेनं पक्कं बसवलेलं असतं. इथं सगळी मूठ बांबूच्या एका खुंटीवर अडकवलेली. खुंटी काढली की मूठ, त्सुबा, पातं सगळं सुटं. त्यामुळे एकच त्सुबा दोन-तीन पात्यांवर फिरलेली सापडते. १८७६ साली सामुराईंना तलवार बाळगून फिरायला बंदी झाली, तेव्हापासून या सुट्या त्सुबा बाजारात येत राहिल्या. त्यांच्याबरोबर नकलाही आल्या, आणि माझं तिथंच अडलंय.

गेल्या महिन्यात ८,००० येनला एक घेतली. लोखंडी, ७.६ सेंमी, कडेला ५ मिमी जाड, आरपार जाळीची नक्षी, सही नाही. विक्रेता म्हणाला, ओवारी घराण्याची (त्सुबा घडवणाऱ्या कारागिरांचं एक घराणं), एदो काळातली, म्हणजे १६०३ ते १८६८ मधली. ओवारी हे याच मुलखाचं जुनं नाव, त्यामुळे मी जास्तच हुरळलो आणि तिथंच पैसे मोजले.

घरी आल्यावर दहापट भिंगातून पाहिली. जाळीच्या आतल्या भिंतींवर वाळूसारखा बारीक दाणा आहे. कानशीची रेघ कुठंच नाही. नक्षीचे कोपरे साबण झिजावा तसे गुळगुळीत. बाहेरच्या कडेवर मधोमध एक पुसट रेघ अर्ध्याहून जास्त फिरलेली दिसते. खाचांमध्ये गंज भगवट रंगाचा आहे आणि वरचा काळा थर नखानं खरवडला तर निघतो.

बाबांनी उद्यमनगरात तीस वर्षं फाउंड्रीत काढली आहेत. त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. ते क्षणात म्हणाले, "ही साच्याच्या दोन पेट्या जुळतात तिथली रेघ आहे बघ. फेटलिंगसुद्धा नीट केलेलं नाही." (फेटलिंग म्हणजे ओतल्यावर वस्तूच्या कडा घासून साफ करणं.) त्यांचं म्हणणं, कडेला जरासं ग्राइंडरला लावून ठिणगी बघ. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, ठिणगी आखूड आणि लालसर, घडीव लोखंडाची लांब आणि पिवळी. पण मनाला पटत नाही. चुकून खरी निघाली तर?

शिवाय एक गोष्ट उलट बाजूनं बोलते. मधल्या भोकात, म्हणजे पात्याचं शेपूट जातं त्या नाकागो-आनात, वरखाली तांब्याचे तुकडे बसवलेले आहेत. दुसऱ्या पात्यावर घट्ट बसावी म्हणून ते घालतात असं वाचलं होतं. ते पाहूनच मी विश्वास ठेवला. नकली वस्तूत एवढा खटाटोप कोण करेल?

दुसरी अजून घेतलेली नाही. ऑनलाइन लिलावात आहे, बोली ४५,००० येनवर गेली आहे, रविवारी रात्री संपते. तिच्यावर 'नोबुइए' या नामांकित त्सुबा-कारागिराची सही आहे. मात्र महिन्याभरात हीच नक्षी मी तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे पाहिली, आणि तिन्हींत भोकाच्या डावीकडे त्याच जागी तोच खड्डा आहे. एवढ्यावरून सोडून द्यावी का? आणि नवख्या माणसानं बाजारात उभ्या उभ्या आधी काय बघायचं?

प्रतिसाद १

ग्राइंडरला अजिबात लावू नका! बाबांची परीक्षा कारखान्यात बरोबर आहे, पण खऱ्या त्सुबेला एकदा घाव बसला की तो कायमचा. इथं त्याची गरजही नाही, तुम्ही लिहिलेल्या खुणा पुरेशा आहेत. घडीव त्सुबेत जाळी छिन्नीनं आणि करवतीनं कापून कानशीनं साफ केलेली असते. दोनशे वर्षं हाताळली तर बाहेरच्या कडा झिजतील, पण जाळीच्या आत कुणाचं बोट पोचत नाही. आतल्या कोपऱ्यांत धार आणि कानशीचे ओरखडे उरायलाच हवेत. तिथं वाळूचा दाणा आणि शिवाय बाहेरच्या कडेवर साच्याची रेघ, म्हणजे तुमची त्सुबा ओतीवच.

तांब्याचे तुकडे नंतर ठोकून बसवता येतात, कधी नुसता रंगही असतो. खऱ्या वस्तूत ते का घातले याचा माग लोखंडावर दिसतो: भोक कानशीनं मोठं केलेलं, तांबं धरायला लोखंड ठोकलेलं, भोवती पोगराचे (ठोकायच्या टोकदार हत्याराचे) ठसे. भोकाभोवतीच्या लंबगोल जागेला सेप्पा-दाई म्हणतात. तिथं धातूच्या पातळ चकत्या दाबून बसलेल्या असतात, त्यामुळे बऱ्याच जुन्या त्सुबांवर त्यांची सावली उमटलेली दिसते. ती नसली तर लगेच नकली म्हणू नका, पण असली तर जीव सुखावतो.

आणखी एक. दोऱ्याला टांगून लाकडानं हलकेच टिचकी मारा. बिडातल्या ग्रॅफाइटमुळे आवाज लगेच मरतो, घडीव लोखंड घणघणत राहतं. हे बाबांना सांगायला नकोच. मात्र पोलाद ओतलेलं असेल तर तेही वाजतं, म्हणून नुसत्या आवाजावर निकाल देऊ नका. लोहचुंबक तर बीड आणि घडीव लोखंड दोन्हींना चिकटतो. काळा रंग दिलेलं पितळ किंवा जस्त असेल तर त्याला तो चिकटत नाही, तेवढीच नक्कल त्यानं उघडी पडते.

प्रतिसाद २

रविवारची बोली लावू नका. हातानं घडवलेल्या तीन वस्तूंत तोच खड्डा त्याच जागी येत नाही. तो साच्यातून आला आहे. नोबुइए आणि कानेइए या दोन सह्या शतकानुशतकं खोट्या घातल्या गेल्या आहेत, तेव्हा सही दिसली की भाव वाढवण्याऐवजी भिंग काढायचं. त्या भावात घ्यायचीच असेल तर १९४८ पासून काम करणाऱ्या जपानी कलात्मक तलवार जतन संस्थेचं 'होझोन' प्रमाणपत्र मागा. त्यावर वस्तूचा फोटो असतो. तो हातातल्या त्सुबेशी खड्ड्याखड्ड्यानं जुळवून बघा, कारण कागद एकीचा आणि वस्तू दुसरी, असंही होतं.

सोन्याचं काम असेल तर आपल्या कोफ्तगिरीची आठवण ठेवा. नुनोमे-झोगान म्हणजे तीच रीत: लोखंडावर बारीक जाळीदार ओरखडे काढून त्यात सोन्याचा पत्रा दाबायचा. सोनं उडालंय तिथं ते ओरखडे दिसले तर काम हातचं आहे. खाली सपाट लोखंड दिसलं तर वरचं सोनं हा नुसता मुलामा किंवा रंग.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बोली सोडली. टांगून वाजवली, 'ठक्' एवढंच. बाबा फोनवर ऐकत होते, म्हणाले, "बीडच."

काल तोकुगावा कलासंग्रहालयात जाऊन आलो. काचेपलीकडच्या त्सुबांचा रंग पाहून अर्धं उत्तर तिथंच मिळालं. काळपट, थोडा जांभळ्याकडे झुकणारा, आतून आल्यासारखा. माझ्या त्सुबेचा काळा रंग वरून फासलेला आहे, हे आता भिंगाशिवाय दिसतं.

२८ तारखेला बाजारात एका आजोबांकडे साधी, विनासहीची, जाळी नसलेली लोखंडी त्सुबा पाहिली, १२,००० येनची. कडेला दोन-तीन ठिकाणी कठीण, चकचकीत गाठी वर आल्या आहेत. यालाच तेक्कोत्सु, म्हणजे लोखंडाची हाडं, म्हणतात ना? ओतीव मालात अशा गाठी साच्यातच काढतात का, आणि काढल्या तर हाताला फरक कळतो का? आजोबांनी ती १८ पर्यंत बाजूला ठेवायचं कबूल केलंय. कडेचे चार फोटो खाली जोडतो आहे.