ते उघडे डोळे

ताई, तुमच्या मांजरीला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं, त्याबद्दलचं ‘इंजेक्शननंतरही तिचे डोळे उघडेच होते, माझ्याकडेच बघत होती’ हे तुमचं वाक्य वाचून राहवलं नाही. मांजर गेल्यावर डोळे बहुधा उघडेच राहतात हो. पापण्या मिटायला स्नायूंचा जोर लागतो, तोच उरत नाही. ते औषध भुलीच्याच जातीचं, फक्त मात्रा मोठी. शुद्ध आधी हरपते, हृदय नंतर थांबतं. त्या डोळ्यांमागे बघणारं तेव्हा कुणी नव्हतं. आम्हाला हे आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून मीही महिनाभर तेच डोळे घेऊन झोपत होतो.

आमचा बोका १७ वर्षांचा, वेंगुर्ल्याच्या घरी पडवीत त्याचं राज्य. मूत्रपिंडं गेलेली. ‘आधी का नाही कळलं’ म्हणून मीही स्वतःला खाल्लं. पण मूत्रपिंडांचं दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत मांजर सहसा काही दाखवतच नाही. पाणी जास्त प्यायचा, आम्ही म्हटलं उकाडा! शेवटी ताज्या बांगड्याकडेही तोंड फिरवलं, तेव्हा उमगलं.

परसात माडाशेजारी पुरला. मासे साफ करताना आई अजून एक डोकं बाजूला काढून ठेवते, मग तिला आठवतं. कावळे नेतात.