सोनूच्या औषधांचं काय ते ठरवा

सोनूची आई: रात्रीचे ११ वाजलेत, तरी लिहितेय. ओट्यावर औषधाच्या दोन बाटल्या आहेत, दोन्हींची झाकणं चिकट. नावं वेगळी, पण पॅरासिटामॉल दोन्हींत! कुणी काय दिलं?

आजी: अंगात १०१ ताप होता गं. ७ वाजता तापाचं दिलं, चमचाभर.

काकू: ८ ला सर्दीचं मी दिलं. आईंनी आधी दिलंय हे मला कोण सांगणार?

काका: वहिनी, ते कानाच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. तुम्ही ऑफिसात होतात, मीच नेलं त्याला.

सोनूची आई: नेलंत ते बरंच केलंत, भावजी. पण झटक्यांचं औषध रोज चालू आहे, हे सांगितलंत त्यांना?

काका: मला कान दाखवायला सांगितलं होतं. त्यांनीही विचारलं नाही.

आजोबा: फाईल कुठे आहे?

आत्या: एवढं काय त्यात? आमची सगळी एकाच डॉक्टरवर वाढली.

सोनूची आई: ताई, त्यांना झटके येत नव्हते.

काकू: म्हणजे शेवटी खापर माझ्यावरच.

बाबा: अगं, तुला कोण काय म्हणालं?

सोनूची आई: आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. पहिला प्रश्न, वजन किती? दुसरा, किती वाजता किती मिली दिलं? मला धड एकही सांगता येईना. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, मध्ये निदान ४ तास. सर्दीच्या सिरपमध्ये झोप आणणारं औषध आहे, झटके येणाऱ्या मुलाला ते विचारल्याशिवाय द्यायचं नाही. आज रात्री लक्ष ठेवायचं. झटका आला किंवा हाकेला उठला नाही, तर लगेच दवाखाना.

आत्या: काकाचं वजन विचारायचं, रोज काट्यावर उभा असतो.

काका: ताई, आत्ता नको.

आजोबा: फाईल कुठे आहे? दुसऱ्यांदा विचारतोय.

बाबा: अप्पा, झटक्यांच्या डॉक्टरांचा कागद माझ्या मोबाइलमध्ये आहे.

आजोबा: मोबाइल तुझ्या खिशात, पोरगं घरी. काय उपयोग?

सोनूची आई: अप्पांचं बरोबर आहे. त्या कागदावर वजन १३ किलो, शाळेच्या तपासणीत १६ निघालं. डोस वाढवायचा का, हे कुणी विचारलंच नाही. नेहमीच्यांना वाटतं मोठे डॉक्टर बघतील, त्यांना वाटतं नेहमीचे बघतील. मधला निरोप आपणच द्यायचा, आणि आपण चार जण चार डॉक्टरांकडे जातो. फ्रिजवर कागद लावलाय: वजन, चालू औषधं, काय द्यायचं नाही. दिलं की वेळ आणि मिली तिथेच लिहा. डॉक्टर कुठलाही असो, आधी त्याचा फोटो दाखवा. नवी चिठ्ठी मिळाली की नेहमीच्यांना पाठवा.

आजी: मला मिली वाचता येत नाही. मापावर रेघ मारून दे.

सोनूची आई: देते आई, लाल रेघ.

काकू: मी लिहीन. पण सगळ्यांनी लिहायचं.

काका: सकाळी कानाच्या डॉक्टरांना फोन करून झटक्यांचं सांगतो.

आजोबा: आणि फाईल?

बाबा: आणतो अप्पा. १२ वाजले, ताप ९९. हाक मारली तर "काय" म्हणून कूस बदलली त्यानं. मी जागा आहे, तुम्ही झोपा.